अलिबागची वेधशाळा आणि सूर्याच्या वाऱ्यातील खळबळ

वाचकहो, अलिबागचा किनारा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. ओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ल्यात जाऊन येणारेही पुष्कळ असतील. परंतु त्याच किनाऱ्याजवळ एक चुंबकीय वेधशाळा आहे आणि ती १९०४ पासून आपले काम मुकाट्याने करीत आहे, हे मुलांना विचारले तर फार थोडी सांगतात. या वेधशाळेत दुर्बीण लावून तारे पाहत नाहीत. तेथे पृथ्वीचे चुंबकत्व मोजतात. ते चुंबकत्व क्षणोक्षणी किंचित हलत असते आणि त्या हालचालीचे एक मोठे कारण आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर, सूर्यावर असते.

सूर्यापासून सर्व दिशांना विद्युतभारित कणांचा एक प्रवाह सतत वाहत असतो. त्याला सौरवात म्हणतात. हा वारा सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने येतो आणि येताना सूर्याचे चुंबकत्वही बरोबर घेऊन येतो. ते चुंबकत्व कधीच स्थिर नसते. त्यात सारखी खळबळ चाललेली असते. शास्त्रज्ञ तिला संक्षोभ म्हणतात. या खळबळीतून अर्थ कसा काढावयाचा, वेड्यावाकड्या रेषेतून नियम कसा शोधावयाचा, हा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा एक उद्योग आहे आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा आपल्या जिल्ह्यातून जातो. मी इतिहास व मराठी शिकविणारा शिक्षक आहे. म्हणून ही हकीकत इतिहास म्हणूनच सांगणार आहे. गणित आले तर नववीच्या मुलाला झेपेल एवढेच येईल.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. कुलाबे दोन आहेत. एक मुंबईच्या दक्षिण टोकाचे, दुसरा अलिबागचा किल्ला. त्या किल्ल्यावरून आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये ते बदलून रायगड झाले. चुंबकत्व मोजण्याचे काम मुंबईच्या कुलाब्यात सुरू झाले आणि पुढे अलिबागच्या कुलाब्यापाशी आले. जुन्या कागदपत्रांत त्यामुळे भलभलते घोटाळे होतात.

मुंबईच्या कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली ती बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. चुंबकाची निरीक्षणे तेथे १८४१ मध्ये सुरू झाली. त्या काळी युरोपात गाऊस या जर्मन गणितज्ञाच्या पुढाकाराने जगभर ठिकठिकाणी एकाच वेळी चुंबकाचे वाचन करण्याची टूम निघाली होती. मुंबईचे काम एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे आले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. आणि ऑर्लेबारांच्या हाताखाली विशीच्या आतला एक मुलगा नोकरीस लागला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे, जन्म १८२५, गाव नागाव, तालुका अलिबाग. हेच पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांना गणित शिकविणारे केरूनाना छत्रे. नागावच्या नारळी-पोफळीतून निघालेल्या या मुलाने सुमारे दहा वर्षे कुलाब्याच्या वेधशाळेत काढली. आमच्या पाठ्यपुस्तकांत केरूनाना येतात ते पंचांगाच्या संदर्भात. त्यांचे हे दिवस कोणी सांगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

काम काय होते? टांगलेला चुंबक किती वळला हे मोजपट्टीवर पाहावयाचे आणि वहीत आकडा लिहावयाचा. एक तासाने पुन्हा. रात्र असो, पाऊस असो. हे काम कंटाळवाणे होते यात शंका नाही. परंतु त्या काळी जगात कोणालाही ठाऊक नव्हते की हा चुंबक मधूनमधून पिसाळल्यासारखा का करतो. १८५२ मध्ये सॅबाईन या इंग्रज अधिकाऱ्याने निरनिराळ्या वेधशाळांच्या वह्या तपासल्या. त्याने एक सोपी युक्ती केली. नेहमीच्या मानापेक्षा ठराविक मर्यादेपलीकडे गेलेली वाचने वेगळी काढली आणि ती कोणत्या वर्षी जास्त आढळतात ते मोजले. सूर्यावरील डाग ज्या वर्षी वाढतात, त्याच वर्षी चुंबकाची खळबळ वाढते असे दिसून आले. खळबळ मोजण्याची ही पहिली पद्धत म्हणावयास हरकत नाही. तीत आकडेमोड अशी नव्हतीच, फक्त निवड आणि मोजदाद.

यानंतर १८५९ साल उजाडले. १८५७ च्या उठावाचा धुरळा नुकता खाली बसत होता. १ सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या ज्योतिर्विदाला सूर्याच्या डागांपाशी काही मिनिटे डोळे दिपविणारा प्रकाश दिसला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. तिकडच्या अनेक वेधशाळांत चुंबकाची हालचाल मोजपट्टीच्या बाहेर गेली आणि वाचन हुकले. मुंबईत २ सप्टेंबरच्या सकाळी अकराच्या सुमारास चुंबकाने मोठी बुडी मारली. डब्लिनच्या ग्रब यांनी बनविलेले कुलाब्याचे उपकरण शाबूत राहिले, निरीक्षकही जागचे हलले नाहीत. नेहमी तासाने वाचन होई. वादळ उठले तसे ते पंधरा-पंधरा आणि पाच-पाच मिनिटांनी वाचत गेले. ते निरीक्षक कोण होते, त्यांना पगार किती होता, हे आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी लिहिलेला आकडा मात्र राहिला.

तो आकडा दीडशे वर्षे छापील अहवालात पडून होता. २००३ मध्ये अमेरिकेतील त्सुरुतानी, ब्राझीलचे गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्षसिंग लाखिना व शोभना ॲलेक्स यांनी तो बाहेर काढला. कुलाब्यात चुंबकत्वाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतका खाली आला होता. पृथ्वीचे एकूण चुंबकत्व आपल्याकडे साधारण चाळीस हजार नॅनोटेस्ला असते आणि मोठे म्हणविणारे वादळ त्यात दोन-तीनशेचा फरक करते, एवढे सांगितले म्हणजे या बुडीची कल्पना येईल. मे २०२४ मध्ये जगभर गाजलेल्या वादळाची मोजदाद उणे चारशेच्या थोडीशी पुढे गेली, इतकेच.

येथेच पद्धतीचा प्रश्न आडवा येतो. कुलाब्याची ती बुडी अल्पकाळ टिकली. सलग एका तासाची सरासरी काढली तर १६०० चा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. मग खरा आकडा कोणता? काही अभ्यासक म्हणतात, वादळाची तुलना नेहमी तासाच्या सरासरीने करतात, तेव्हा येथेही तसेच करा. दुसरे म्हणतात, पाच मिनिटांत जे घडले ते सरासरीने पुसून टाकू नका, विजेच्या जाळ्याला धक्का बसतो तो त्या पाच मिनिटांचा. हा वाद अद्याप मिटलेला नाही. माझ्या मते तो मिटण्याची घाईही करू नये. पालकांनी आपल्या पाल्याच्या गुणपत्रिकेकडे पाहावे. साठ टक्के सरासरी असलेली दोन मुले सारखी नसतात. एकाला सर्व विषयांत साठ असतात, दुसऱ्याला गणितात पंचाण्णव आणि इंग्रजीत पंचवीस. सरासरी मुलांमधला हा फरक लपविते. सौरवाताच्या अभ्यासाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे हा लपलेला फरक पुन्हा बाहेर काढण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे.

कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे १८९६ मध्ये जागेवर आले. १८७२ पासून छायाचित्रणाच्या कागदावर रेषा आपोआप उमटू लागली होती, त्यामुळे माहितीचा नुसता डोंगर साचला होता. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची निरीक्षणे दोन जाड खंडांत १९१० मध्ये प्रसिद्ध केली आणि दुसऱ्या खंडात त्यांची चर्चा केली. अनेक वादळे एकत्र घेऊन, त्यांच्या आरंभापासून तास मोजून, वादळाची सर्वसाधारण चाल कशी असते ते त्यांनी दाखविले. सिडनी चॅपमन या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने वादळांचा सिद्धांत मांडताना मूस यांच्या या कामाचा आधार घेतला. यंत्राची मदत नाही, कॅल्क्युलेटर नाही, सगळी बेरीज हाताने. सरासरीच्या पद्धतीने जेवढे मिळण्यासारखे होते तेवढे मूस यांनी मिळविले.

हे चालले असतानाच मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. ट्राम ज्या विजेवर चाले तिचा प्रवाह रुळांतून परत जाई आणि काही जमिनीत झिरपे. अशा प्रवाहाभोवती चुंबकत्व निर्माण होते. कुलाब्याच्या नाजूक चुंबकाला सूर्याचा निरोप ऐकू यावयाचा की ट्रामचा? मूस यांनी नवी जागा शोधली, ती अलिबागची. मुंबईहून सरळ रेषेत तीसएक किलोमीटर, समुद्रापलीकडे, आणि ट्राम येण्याचा संभव नाही. आपल्या डोंगरांचा काळा दगड चालला नसता, कारण त्यात लोहचुंबकीय अंश असतो. म्हणून पोरबंदरचा दगड आणून इमारत बांधली आणि बांधकामात लोखंडाला मज्जाव केला. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यातच शहाणपण होते. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतील फरक नीट कळल्यामुळे जुनी वही आणि नवी वही एकमेकींना जोडता आली. १८४१ पासूनची परंपरा तुटली नाही. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली आणि १९६४ मध्ये बंदही झाली. वेधशाळा अलिबागलाच राहिली.

आता समुद्रकिनारा सोडून थोडे वर जाऊ. सौरवात आहे हे कोणाला कसे कळले? धूमकेतूंची शेपटी सूर्याच्या उलट दिशेस जाते यावरून बिअरमान यांनी १९५१ मध्ये तर्क केला. १९५८ मध्ये अमेरिकेतील युजीन पार्कर यांनी गणिताने दाखविले की सूर्याचे वातावरण स्थिर राहूच शकत नाही, ते सतत बाहेर वाहिले पाहिजे. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांनी तो नाकारण्याची शिफारस केली. परंतु त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही कल्पना पटली नव्हती, मात्र गणितात चूक सापडली नाही, म्हणून त्यांनी लेख छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ हे यान शुक्राकडे जाताना महिनोन्‌महिने या वाऱ्यातून गेले आणि शंका फिटली. मरिनरने वाऱ्याचे चुंबकत्वही मोजले. ते फारच क्षीण निघाले. पृथ्वीजवळ सुमारे पाच नॅनोटेस्ला, म्हणजे अलिबागच्या जमिनीवरील चुंबकत्वाच्या आठ हजाराव्या हिश्शाएवढे. आणि ते सतत हेलकावे खात होते.

हे हेलकावे वाचण्यासाठी दोन जुन्या कल्पना कामास आल्या. पहिली शुस्टर यांची, १८९८ ची. त्यांनी हवामान व चुंबकत्व यांच्या नोंदींत लपलेली आवर्तने शोधण्यासाठी ती काढली होती. कोणतीही वेडीवाकडी रेषा ही संथ व जलद अशा पुष्कळ लाटांची बेरीज मानता येते. लोलकातून सूर्यप्रकाश गेला की रंग वेगळे होतात, तसे या लाटा वेगळ्या करून प्रत्येकीत किती जोर आहे ते पाहावयाचे. त्या तक्त्याला वर्णपट म्हणतात. मूस यांच्या काळात हे हाताने करणे म्हणजे आयुष्य खर्ची घालणे होते. १९६५ मध्ये कुली व टुकी यांनी संगणकासाठी झटपट रीत प्रसिद्ध केली आणि महिन्यांचे काम मिनिटांवर आले.

दुसरी कल्पना टेलर यांची, १९३८ ची, आणि ती आपल्या खाडीकाठच्या मुलांना अधिक लवकर कळेल. धक्क्याच्या खांबापाशी उभे राहून ओहोटीचे पाणी पाहा. पाणी सेकंदाला एक मीटर वाहत आहे आणि फेसाचा एक पट्टा खांबापुढून जावयास दहा सेकंद लागले, तर तो पट्टा दहा मीटर लांब. आपण जागेवरून हललो नाही, तरी पाण्याची लांबी मोजली. अट एवढीच की खांबापुढून जाईपर्यंत पट्टा फारसा बदलता कामा नये. यान म्हणजे तो खांब. सौरवात त्याच्यावरून ४०० किलोमीटर वेगाने जातो, तर त्यातील चुंबकीय लाटा पृथ्वीजवळ सेकंदाला पन्नासएक किलोमीटरनेच सरकतात. म्हणून अट बहुतांशी पाळली जाते आणि यानावरील एका सेकंदाचा चढउतार हा अवकाशातील ४०० किलोमीटरचा चढउतार मानता येतो. घड्याळाने मैल मोजण्याची ही रीत नसती तर एका यानाच्या आकड्यांवरून अवकाशाविषयी काहीच बोलता आले नसते.

१९६८ मध्ये कोलमन यांनी मरिनर-२ चे आकडे या दोन्ही रीतींतून तपासले. वर्णपटात ठराविक उतार दिसला. संथ लाटांत जोर जास्त, जलद लाटांत कमी, आणि कमी होण्याला एक शिस्त होती. ही शिस्त पूर्वी पाण्याच्या व हवेच्या खळबळीत ओळखीची झालेली होती. १९४१ मध्ये रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी तिचे सूत्र दिले होते. खाडीच्या तोंडाशी मोठा भोवरा होतो, तो मोडून लहान भोवरे होतात, त्यांचे आणखी लहान होतात आणि शेवटी पाण्याच्या घर्षणात त्यांची शक्ती उष्णतेच्या रूपाने विरते. मोठ्याकडून लहानाकडे शक्ती सोपविण्याच्या या वाटचालीत वर्णपटाचा उतार उणे पाच-तृतीयांश येतो. म्हणजे चढउताराची गती दहापट झाली की जोर सुमारे ४६ पट घटतो. सूर्याच्या वाऱ्यातही बहुधा हेच, असे म्हणणे धाडसाचे होते. कारण तेथे पाणी नाही, हवा नाही. कण इतके विरळ की एकमेकांवर क्वचितच आदळतात.

विरोधी पुरावाही लगेच आला. १९७१ मध्ये बेल्चर व डेव्हिस यांनी मरिनर-५ चे आकडे घेऊन दाखविले की वाऱ्याच्या वेगातील व चुंबकत्वातील चढउतार पुष्कळदा हातात हात घालून चालतात. ताणलेल्या दोराला झटका दिला की लाट दोरावरून सरकत जाते, तशा या लाटा. १९४२ मध्ये त्यांचे भाकीत करणाऱ्या आल्फवेन यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. त्या मुख्यतः सूर्याकडून बाहेर जात होत्या. मग ही शिस्तीत चाललेली लाट की खळबळ? उत्तर हळूहळू मिळाले ते असे की दोन्ही. सूर्याजवळ लाटा ठळक, दूर जावे तशी खळबळ वाढत जाते. १९७४ व १९७६ मध्ये सोडलेल्या हेलिओस यानांनी सूर्याच्या जवळून आणि १९७७ च्या व्हॉयेजर यानांनी लांबून हे दाखवून दिले. या खळबळीची शक्ती शेवटी उष्णतेत जाते, म्हणूनच दूर गेलेला सौरवात नुसता पसरल्याने जितका थंड व्हावयास हवा तितका होत नाही. घर्षणाशिवाय ती उष्णता नेमकी कशी होते, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता वही घ्या. वर्णपटाखेरीज आणखी एक रीत आहे, आणि ती करण्यास वजाबाकी व वर्ग पुरतात. समजा चुंबकत्वाची एकामागून एक सात वाचने अशी आहेत: ५, ७, ६, ८, ७, ५, ४. (हे आकडे मी हातचे घेतले आहेत.) शेजारच्या दोन वाचनांतील फरक काढा: २, १, २, १, २, १, चिन्ह सोडून दिले तरी चालेल. त्यांचे वर्ग करून सरासरी काढा: १५ भागिले ६, म्हणजे अडीच. आता एक वाचन सोडून पुढच्याशी फरक काढा: १, १, १, ३, ३. वर्गांची बेरीज २१, सरासरी ४.२. अंतर दुप्पट झाले तेव्हा फरकाचे मान सुमारे १.७ पट झाले. कोल्मोगोरोव यांच्या सूत्राप्रमाणे ते १.६ पटीच्या जवळ असावे. सात आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. परंतु शास्त्रज्ञ लाखो आकड्यांवर हेच करतात, अंतर बदलून पुन्हा पुन्हा.

आणि वर्गाऐवजी चौथा घात घेतला तर आणखी एक गोष्ट कळते. चौथ्या घातात मोठे फरक फार मोठे होतात, लहान फरक नगण्य होतात. साध्या योगायोगाने होणाऱ्या चढउतारांत चौथ्या घाताची सरासरी ही वर्गांच्या सरासरीच्या वर्गाच्या तिप्पट असते. सौरवातात, विशेषतः लहान अंतरांवर, हे गुणोत्तर तीनच्या बरेच वर जाते. याचा अर्थ खळबळ सारखी पसरलेली नाही. बराच वेळ शांत, मध्येच अचानक मोठा धक्का, पुन्हा शांत. कुलाब्याच्या निरीक्षकांनी २ सप्टेंबरला पाच-पाच मिनिटांनी वाचले नसते तर असाच एक धक्का निसटला असता. सौरवातातील अशा धक्क्यांच्या जागी चुंबकत्वाच्या दिशा एकदम बदलतात आणि उष्णता तेथे अधिक निर्माण होते, असे पुष्कळ पुरावे मिळाले आहेत.

एका यानाची मर्यादा दूर करण्यासाठी २००० मध्ये क्लस्टर ही चार यानांची तुकडी सोडली गेली. चार ठिकाणी एकदम मोजले की चढउतार काळाचा की जागेचा, हे वेगळे करता येते. २०१८ मध्ये निघालेले पार्कर यान तर २०२१ मध्ये सूर्याच्या वातावरणात शिरले. तेथे टेलर यांची अट डळमळते, कारण वाऱ्याचा व लाटांचा वेग जवळजवळ सारखा होतो. खांबच पाण्याबरोबर वाहू लागला असे समजा. सूर्याजवळ वर्णपटाचा उतारही निराळा निघाला, उणे दीडच्या जवळ. म्हणजे दहापट गतीला जोर ४६ पट न घटता ३२ पट. फरक किरकोळ वाटेल. परंतु शक्ती मोठ्या भोवऱ्यांकडून लहानांकडे कोणत्या नियमाने जाते यावर तो अवलंबून आहे. १९६० च्या दशकात क्रेचनन यांनी चुंबकत्व हिशेबात घेऊन हाच उतार सांगितला होता.

भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले. तारखेचा योगायोग वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेस, आपल्या कक्षेत स्थिरावले. त्यावर चुंबकमापक आहे. पाच नॅनोटेस्ला मोजावयाचे तर यानाच्या स्वतःच्या यंत्रांचे, तारांचे चुंबकत्व आड येते. म्हणून सहा मीटर लांबीची एक दांडी अवकाशात उलगडली आणि तिच्यावर दोन मापके बसविली, एक टोकाला, एक तीन मीटरवर. यानाचे चुंबकत्व जवळच्या मापकाला जास्त जाणवते, दूरच्याला कमी. दोन्हींच्या फरकावरून ते वजा करता येते. मूस यांनी कुलाबा सोडून अलिबाग गाठले आणि दोन वर्षे दोन्हीकडे वाचने घेतली, ती युक्ती आणि ही युक्ती यांत मला तरी फारसा भेद दिसत नाही.

आदित्यावरून गेलेला वारा सुमारे तासाभराने पृथ्वीवर येतो. हा तास मोलाचा आहे. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. परंतु येथे खळबळ पुन्हा आडवी येते. आदित्य सूर्य आणि पृथ्वी यांना जोडणाऱ्या रेषेवर नसते, त्या रेषेभोवती काही लाख किलोमीटर बाजूने फिरते. त्याने पाहिलेला वारा आणि आपल्यावर आदळणारा वारा एकच का? यासाठी दोन ठिकाणच्या वाचनांत कितपत सारखेपणा आहे ते मोजतात आणि अंतर वाढविले की सारखेपणा कधी संपतो ते पाहतात. पृथ्वीजवळ हे अंतर दहा-बारा लाख किलोमीटर भरते. म्हणजे वादळाची ठळक चाल तासभर आधी सांगता येते, पण त्यातील बारीक झटके सांगता येत नाहीत. ते अलिबागला उमटतात तेव्हाच कळतात.

अलिबागची वेधशाळा ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, ती स्वायत्त संस्था १९७१ मध्ये झाली. तिचे मुख्य कार्यालय पूर्वी मुंबईच्या कुलाब्यात होते, आता नवीन पनवेलला आहे. म्हणजे तेही आपल्या जिल्ह्यात आले. सौरवात आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा मेळ घालण्याचे संशोधन तेथे चालते. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन एम.एस्सी. झालेल्यांना तेथे संशोधनाची वाट आहे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनची मुले नोकरीधंद्यासाठी समुद्रापलीकडे जातात, त्यांना पनवेल दूर नाही. यानांनी मोजलेले आकडेही आता कुलुपात नसतात. आदित्याचे आणि पार्करचे आकडे कोणालाही घरबसल्या मिळतात. वरील सात आकड्यांची वजाबाकी ज्या मुलाने केली असेल, त्याने पुढची खरी वाचने तेथून घ्यावीत.